आठ बिल्ले आणि एक खाका

४ जून

गिरगावातली चाळ पुनर्विकासात जाते आहे. आईच्या मामांची खोली रिकामी करताना पोटमाळ्यावर बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा निघाला. आत बटणं, हुक, शिंप्याचा खडू, सुयांची पाकिटं आणि फडक्यात गुंडाळलेले आठ बिल्ले. मामाआजोबा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फोर्टातल्या एका शिंप्याच्या दुकानात जरीकाम करायचे आणि तिथे अधिकाऱ्यांचे गणवेश शिवले जायचे, एवढंच घरात माहीत होतं. मावशीने डबा माझ्याकडे दिला. "तूच बघ यात काय आहे ते," म्हणाली.

असा डबा आणखी कुणाच्या घरात निघाला तर माझ्या चुका त्याने पुन्हा करू नयेत, म्हणून पहिल्या दिवसापासून लिहून ठेवतो आहे.

क्रमांक असे दिले. १ : काळ्या कापडावर भरतकामाचे पूर्ण पंख, मधे आर.ए.एफ. (ब्रिटिशांचं रॉयल एअर फोर्स) अक्षरं, वर मुकुट. २ : तसेच पंख, पण खाकी कापडावर, मागे टिचबटणं. ३ : अर्धा पंख (वैमानिक सोडून विमानातल्या इतरांचा), वर्तुळात ए.जी. ४ : अर्धा पंख, वर्तुळात एन. ५ : चांदीचे दिसणारे अमेरिकी पंख, मधे ढाल. ६ : तसेच, पण पातळ, ओबडधोबड, काळे पडलेले. ७ : जरीने भरलेली ढाल, तीत सूर्य, तारा आणि लाल-पांढरे पट्टे. ८ : पितळी, सोनेरी मुलाम्याचा छोटा गरुड.

पहिली चूक याच संध्याकाळी झाली. ६ नंबरचा बिल्ला फारच काळा होता, म्हणून चिंचेच्या कोळाने आणि रांगोळीने घासला. तो चकाकला, आणि पिसांच्या रेघांत ऐंशी वर्षं साचलेला काळपटपणा वाहून गेला. रेघ किती खोल आहे, ती छिन्नीने कोरली की ठशातून आली, हे त्या काळपटपणामुळेच नीट दिसतं. आता तो परत येणार नाही. कुठल्याही बिल्ल्याला ओळख पटेपर्यंत पाणीसुद्धा लावू नका.

५ जून

आधी पुढून फोटो, मग मागून, मग कडेने, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून. खिडकीतला तिरपा उजेड लागतो. फ्लॅश मारला की भरतकाम सपाट दिसतं. तीन तास गेले. मागच्या बाजूचे फोटो मी घाईत दोन-दोनच काढले आणि ऑगस्टमध्ये सगळे पुन्हा काढावे लागले. पुढची बाजू ज्याने बिल्ला लावला त्याच्यासाठी असते. बनवणाऱ्याच्या खुणा मागे राहतात.

११ जून

मुकुटापासून सुरुवात केली. १ आणि २ वरचा मुकुट घुमटासारखा आहे, कमानी वर चढून गोल होतात. हा ट्यूडर मुकुट. ब्रिटिश गणवेशावर तो १९०१नंतर, राजांच्या काळात होता. एलिझाबेथ राणी झाल्यावर सेंट एडवर्ड मुकुट आला. त्याच्या कमानी मधोमध खाली दबतात. म्हणजे दबका मुकुट असेल तर बिल्ला युद्धानंतरचा, यात वाद नाही.

उलट मात्र खरं नाही. घुमटाचा मुकुट आहे म्हणून बिल्ला युद्धकाळातला ठरत नाही. नक्कल करणारा तोच मुकुट भरतो, आणि चार्ल्स राजाने २०२२मध्ये पुन्हा ट्यूडर मुकुट निवडल्यामुळे नवे बिल्लेही तसेच बनू लागले आहेत. मुकुटाने फक्त चाळण लागते.

१ नंबरबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. फिकट पांढऱ्या रेशमाचे फुगीर पंख, भोवती तपकिरी पानांचं कडं, मागे जाड कापड. रॉयल एअर फोर्सच्या वैमानिकाचे नेहमीचे पंख, नेहमीच्या घडणीचे. दुकानात नमुना म्हणून ठेवला असावा.

१८ जून

खरेदी : दहापट दाखवणारा जवाहिऱ्याचा लूप (भिंग) ६५० रुपये, यूव्ही (अतिनील) टॉर्च ४५० रुपये, शतांश ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा ९०० रुपये.

यूव्ही टॉर्चचा उपयोग असा : कापड आणि धागे जास्त पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून हल्ली त्यांत जी रसायनं घालतात ती या उजेडात निळसर चमकतात. युद्धानंतर ती सर्रास वापरात आली. त्यामुळे अंधारात चमकणारा धागा संशयास्पद.

रात्री दिवे बंद करून आठही बिल्ले पाहिले. १, २, ३ आणि ७ मेलेले, काही चमक नाही. ४ नंबरचं मागचं सुती अस्तर मात्र ट्यूबलाइटसारखं पेटलं. म्हणजे नक्कल, असं वहीत लिहून मी तो बिल्ला बाजूला टाकला. तसाही एन म्हणजे नॅव्हिगेटर, विमानाची वाट ठरवणारा, १९४२पासून हजारोंनी दिलेला. हळहळ वाटली नाही.

हीच माझी सगळ्यात मोठी चूक ठरणार होती.

२५ जून

८ नंबरच्या गरुडाने चार दिवस झोप उडवली. वाचनात आलं की पाथफाइंडर दलाच्या वैमानिकांना डाव्या खिशावर, पदकांच्या फितींखाली लावायला सोनेरी गरुड मिळायचा. हे दल ऑगस्ट १९४२मध्ये डॉन बेनेट यांच्या हाताखाली उभं राहिलं. बॉम्बफेकी विमानांच्या पुढे जाऊन रात्री लक्ष्यावर रंगीत ज्योती टाकायच्या, असं त्यांचं काम. त्या गरुडाला संग्राहकांत मोठी किंमत आहे. मी मावशीला फोन करून सांगूनही टाकलं.

२८ जून

मावशीला पुन्हा फोन केला. डब्यातली बटणं चाळणीत ओतून एकेक पाहिली, तर त्यांत एक इवलासा पितळी मुकुट निघाला. त्याच्या मागच्या तांब्याच्या कड्या आणि गरुडाच्या मागच्या कड्या एकाच जाडीच्या, एकाच पद्धतीने डाख दिलेल्या. रॉयल एअर फोर्सच्या अधिकाऱ्याच्या घडीच्या टोपीवर गरुड आणि मुकुट असे दोन सुटे भाग लागतात. ही ती जोडी.

पाथफाइंडरचा गरुड प्रमाणपत्रासह दिला जायचा. कागद नसेल आणि कुणाच्या छातीवरून आला हे माहीत नसेल, तर नुसत्या गरुडावरून दावा करू नये. शिवाय ते दल इंग्लंडमधून उडत होतं. मुंबईतल्या शिंप्याच्या डब्यात तो येण्यापेक्षा टोपीचा गरुड येणं कितीतरी साधं आहे. आधी साधं उत्तर तपासायला हवं होतं.

९ जुलै

चांदीचं वजन. पद्धत जुनीच आहे : हवेतलं वजन घ्यायचं, मग दोऱ्याने पाण्यात लोंबकळत ठेवून घ्यायचं, आणि हवेतल्या वजनाला दोन्हींतल्या फरकाने भागायचं. धातू पाण्याच्या किती पट जड, ते कळतं. स्टर्लिंग, म्हणजे ९२.५ टक्के चांदी, १०.३६च्या आसपास येते. पितळ आणि जर्मन सिल्व्हर साडेआठच्या जवळ, जस्त ७.१.

५ नंबर : १४.२० ग्रॅम, पाण्यात घट १.३७, उत्तर १०.३६. मागे उठावाची अक्षरं आहेत : स्टर्लिंग. लूपखाली अक्षरांच्या कडा धारदार, मधली जमीन गुळगुळीत. ओतीव नकलेत अक्षरं साबणासारखी विरघळलेली दिसतात आणि जमिनीवर बारीक खड्डे असतात. शिवाय ओतीव वस्तू थंड होताना आकसते, म्हणून माप किंचित कमी भरतं. हा टोकापासून टोकापर्यंत ७६ मिलिमीटर, म्हणजे बरोबर तीन इंच. अमेरिकी हवाई दलाच्या वैमानिकाचे ठशाने काढलेले अस्सल पंख. काम संपलं.

६ नंबर : ११.२० ग्रॅम, घट १.२४, उत्तर ९.०३. चांदी नाही असं लिहिलं.

१० जुलै

कालचं ६ नंबरचं उत्तर चुकीचं आहे. सकाळी काचेच्या ग्लासातून पाहिलं तर बिल्ल्याच्या पोकळ पाठीखाली हवेचा बुडबुडा अडकलेला. पाठ पोकळ असलेला कुठलाही बिल्ला पाण्यात उलटा, पोकळ बाजू वर करून सोडायचा, आणि पाण्यात साबणाचा एक थेंब टाकायचा. पुन्हा मोजलं : घट १.०९, उत्तर १०.२८. चांगली चांदी आहे.

पण शिक्का नाही. पिन सोनार ब्लाउजपिनेला लावतात तशी, वळवलेल्या तारेची. दोन्ही पंखांतली पिसं एकमेकांची आरशातली प्रतिमा नाहीत, डावीकडे एक पीस जास्त आहे. ठसा नव्हे, हाताने ठोकून, छिन्नीने कोरून केलेलं काम.

आमच्या ओळखीच्या वयस्क सोनाराला दाखवलं. त्याने कसोटी लावू का विचारलं, मी नको म्हटलं. हातात तोलून तो म्हणाला, "एका रुपयाचं वजन आहे." जुना चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा होता आणि त्यात ९१.७ टक्के चांदी असायची. १९४०मध्ये सरकारने ती निम्म्यावर आणली. त्या निम्म्या चांदीच्या रुपयाचं उत्तर साडेनऊच्या जवळ येईल, १०.२८ येणार नाही. तेव्हा हा बिल्ला रुपया आटवून केला असेल तर तो जुना, चांगला रुपया. सोनाराचा हा अंदाज मी अंदाज म्हणूनच लिहितो आहे. वजन जुळतं एवढ्यावरून तो पुरावा होत नाही.

२० जुलै

अमेरिकी पंख मुंबईत कसे, याचं उत्तर ७ नंबर देतो. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची ढाल, वरच्या निळ्या पट्टीत चिनी राष्ट्रवादी सरकारचा बारा किरणांचा सूर्य आणि शेजारी भारताचा तारा : चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीची ही खूण. अमेरिकेचं दहावं हवाई दल १९४२मध्ये भारतात आलं. आसामातून हिमालयाच्या पूर्व टोकावरून चीनच्या युनानात विमानाने माल नेणारे 'हंप'चे वैमानिकही याच आघाडीचे. मुंबई आणि कराची बंदरांतून ही माणसं उतरत होती. त्यांना बाहीवर ढाल हवी असायची, आणि ती भरून द्यायला आपल्याकडचे जरीचे कारागीर होते. कापडावर, कातड्यावर, जरीत अशा कितीतरी तऱ्हेच्या ढाली इथे तयार झाल्या. दोन सारख्या मिळणं कठीण.

लूपखाली एक तुटकी जर पाहिली. पिवळ्या सुती धाग्यावर धातूची चपटी पट्टी गुंडाळलेली. हल्लीच्या चमकीत प्लास्टिकची पट्टी असते, ती काळी पडत नाही. ही पडली आहे. मला ती फार देखणी वाटते. सूर्याचे किरण सलम्याने (तारेच्या बारीक वेटोळ्यांनी) असे भरलेत की बोट फिरवलं तर प्रत्येक किरण वेगळा लागतो.

३० जुलै

पावसाने काम थांबवलं. बिल्ले मी एकेका पुठ्ठ्यावर ठेवून रबरबँड लावले होते. दहा दिवसांत ५ नंबरवर रबरबँडच्या जागी सरळ काळा पट्टा उमटला. रबरात गंधक असतं, चांदी त्याने काळी पडते. १ नंबरच्या कापडावर बुरशीचे पांढरे ठिपके, कारण तो प्लास्टिकच्या पिशवीत बंद केला होता.

दुरुस्ती : बुरशी मऊ कोरड्या ब्रशने उघड्यावर झटकली, धुतली नाही. आम्लरहित कागद मागवला, १,१०० रुपये. कापडाचे बिल्ले कागदात आणि मग धुतलेल्या मलमलीत. चांदीचे वेगळ्या डबीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह. डांबरगोळ्या कशालाच नाहीत. काळा पट्टा तसाच ठेवला आहे. एकदा घासून शिकलो आहे.

१३ ऑगस्ट

तुलनेसाठी पक्की नक्कल हवी आणि पक्का अस्सलही हवा, असं वाटायला लागलं. जुन्या वस्तूंच्या बाजारात 'गोल्डफिश क्लब'चा बिल्ला दिसला. विमान समुद्रात पडलं आणि रबरी होडीमुळे किंवा जीवरक्षक जाकिटामुळे जीव वाचला, अशा वैमानिकांचा हा क्लब. अशा होड्या बनवणाऱ्या पी. बी. काऊ कंपनीतल्या सी. ए. रॉबर्टसन यांनी तो नोव्हेंबर १९४२मध्ये सुरू केला. दोन निळ्या लाटांवर पंख असलेला मासा. धातूची टंचाई होती म्हणून बिल्ला काळ्या कापडावर भरलेला असायचा.

विक्रेत्याने अस्सल म्हणून सांगितला. १,८०० रुपयांना घेतला. टॉर्च खिशात होती, पण भर उन्हात तिचा उपयोग नाही, आणि मी थांबलो नाही.

घरी अंधारात पाहिलं, लाटा आणि मासा दोन्ही झगझगले. मागचा एक सुटा धागा चिमट्यात धरून जाळला. वितळून कडक काळा मणी झाला. रेशीम किंवा लोकर असती तर केस जळाल्याचा वास आला असता आणि राख बोटाने चुरली असती. सूत कागदासारखं जळतं. मणी होणारा धागा पॉलिएस्टरचा. पॉलिएस्टरचा शोध १९४१मध्ये मँचेस्टरकडे लागला, पण धागा बाजारात आला तो युद्ध संपल्यावर. १,८०० रुपये गेले. आता तो माझा नकलेचा नमुना आहे आणि त्या अर्थी रोज उपयोगी पडतो.

१४ ऑगस्ट

गोल्डफिशशेजारी ४ नंबर ठेवून पुन्हा टॉर्च मारली आणि माझी जूनमधली नोंद खोटी ठरली. नकलेत भरतकामाचा धागा चमकतो. ४ नंबरमध्ये भरतकाम मेलेलं आहे, फक्त मागचं सुती अस्तर चमकतं. ही रसायनं सुताला घट्ट धरतात, रेशमाला आणि लोकरीला तेवढी नाही. आणि ती कापडात गिरणीतूनच यावी लागतात असं नाही, कपडे धुण्याच्या पावडरीतूनही येतात.

आईला विचारलं. तिला आठवलं : लहानपणी बाहुलीच्या कपड्याला लावायला मामाकडून एक पंख आणला होता, तो मळला म्हणून आजीने धुतला आणि नंतर मामाने परत मागून घेतला. हे मी जूनमध्ये विचारलं असतं तर दोन महिने वाचले असते. वस्तू तपासण्याआधी घरातल्या माणसांशी बोला. त्याला खर्चही नाही.

१६ ऑगस्ट

४ नंबर नीट पाहायला घेतला. एन हे अक्षर वर्तुळाच्या मधोमध आहे, पण त्याचा धागा कड्याच्या धाग्यापेक्षा थोडा जाड आणि किंचित पिवळट. मागच्या बाजूला, एनच्या टाक्यांच्या बाहेर, रिकाम्या भोकांच्या ओळी आहेत. अक्षर उसवून दुसरं भरलं आहे.

टेबललॅम्प जवळजवळ आडवा धरला. भोकं दोन गटांत आहेत, डावीकडे एक, उजवीकडे एक. म्हणजे आधी दोन अक्षरं होती.

१७ ते २२ ऑगस्ट

सहा रात्री याच कामात. मागच्या बाजूचा मोठा फोटो छापून, त्यावर पारदर्शक कागद ठेवून, प्रत्येक भोक टिंबाने उतरवलं. पहिल्या दोन वेळा एनची स्वतःची भोकंही त्यात मिसळली आणि कागद फेकावे लागले. तिसऱ्या वेळी एनचे टाके लाल, रिकामी भोकं निळी.

दोन अक्षरी अर्धे पंख त्या काळात मोजकेच. सगळ्यात जास्त आढळतो ए.जी., एअर गनर, डिसेंबर १९३९पासूनचा. ३ नंबर तोच आहे. वायरलेसवाले गनरही ए.जी.च लावत आणि बाहीवर मुठीतून निघणाऱ्या विजांचा वेगळा बिल्ला. दुसरा, फार कमी दिसणारा, आर.ओ., म्हणजे रेडिओ ऑब्झर्व्हर. हा १९४१च्या सुमारास आला. रात्रीच्या लढाऊ विमानात मागे बसून रडार पाहणाऱ्याचं हे नाव. 'रडार' हा शब्द तेव्हा ब्रिटिशांच्या वापरात नव्हता आणि यंत्रही गुप्त होतं, म्हणून नुसतं 'रेडिओ'. १९४२मध्ये अर्ध्या पंखांची फेररचना झाली, ही माणसं नॅव्हिगेटरांत मोडू लागली आणि त्यांचं अक्षर झालं एन.

आता निळी टिंबं : डाव्या अक्षराची डावी बाजू सरळ उभी आहे. ए ची ती तिरपी असती. वर अर्धगोल, खाली तिरका पाय. उजवं अक्षर सगळ्या बाजूंनी बंद. जी असतं तर उजवीकडे खंड पडला असता. ३ नंबरमधल्या ए.जी.वर हाच कागद ठेवून पाहिला, बसत नाही.

माझ्या मते हा आर.ओ. होता आणि तो एन झाला. १९४२मध्ये कागदावर झालेला बदल इथे सुईने झालेला आहे. जानेवारी १९४३मध्ये कलकत्त्याच्या रक्षणाला बोफायटर ही रात्रीची लढाऊ विमानं आली आणि १५ तारखेच्या रात्री फ्लाइट सार्जंट प्रिंग यांनी तीन जपानी बॉम्बफेकी विमानं पाडली. बोफायटरांत मागे रडारवर बसणारी माणसं हीच. हा बिल्ला त्यांच्यातल्या कुणाचा होता असं मी म्हणत नाही, म्हणायला आधार नाही. पण अक्षर बदलून घ्यायला कुणीतरी दुकानात आलं होतं आणि नवं अक्षर मामाआजोबांनी किंवा त्यांच्या शेजारच्या माणसाने भरलं होतं, हे मला दिसतं आहे. त्या रात्री खूप वेळ दिवा बंद केला नाही.

विकणाऱ्यांसाठी : याला आर.ओ. म्हणून विकू नये. तो एन आहे, उसवून भरलेला.

३ सप्टेंबर

२ नंबरचे फोटो परदेशातल्या एका अनुभवी संग्राहकाला पाठवले होते. उत्तर आलं : नक्कल. पिसांची संख्या नियमाप्रमाणे नाही, मुकुट बुटका आणि रुंद, कापड खाकी, टिचबटणं विचित्र. टिचबटणांचं कारण मला ठाऊक आहे. इथल्या उन्हाळ्यात खाकी शर्ट रोज धोब्याकडे जायचा, पंख काढता आले पाहिजेत. बाकीच्या हरकतींना माझ्याकडे उत्तर नव्हतं. धागा जाळून पाहिला, रेशीम निघालं. पण जुनं रेशीम आजही मिळतं.

१५ सप्टेंबर

डबा पुसताना तळाचा कागद सुटला. खाली घडी घातलेले दोन पातळ कागद, दोन्हींवर सुईने टोचलेली शेकडो भोकं. उजेडासमोर धरले तर एकात पंख, दुसऱ्यात मुकुटाखाली आर.आय.ए.एफ. (रॉयल इंडियन एअर फोर्स) ही अक्षरं.

२१ सप्टेंबर

जरदोजीचं काम करणाऱ्या एका जुन्या कारागिराकडे गेलो. त्यांनी कागद हातात घेताच सांगितलं, "हा खाका आहे." कापड कारचोबवर, म्हणजे लाकडी चौकटीवर, ताणायचं, वर खाका ठेवायचा, रॉकेलमध्ये कालवलेली खडूची भुकटी बोळ्याने फिरवायची. भोकांतून टिंबं कापडावर उतरतात आणि मग भरतकाम. पांढऱ्या भुकटीचे कण अजून भोकांत आहेत, लूपखाली दिसले.

पंखांचा खाका त्यांनी २ नंबरवर अलगद ठेवला. पिसामागून पीस जुळलं. रुंद मुकुटही जुळला. नियमाबाहेरची पिसं या कागदातूनच आली होती. १ नंबरवर तो बसत नाही. नमुना समोर ठेवून हाताने काढताना पिसं बदलली असावीत.

अक्षरांचा खाका कुठल्याच बिल्ल्याशी जुळत नाही. भारतीय हवाई दलाला 'रॉयल' हे बिरुद मार्च १९४५मध्ये मिळालं आणि प्रजासत्ताकाबरोबर जानेवारी १९५०मध्ये गेलं. तेवढ्याच पाच वर्षांतला हा कागद. त्यातलं युद्ध जेमतेम पाच महिन्यांचं. त्याला युद्धकाळातला म्हणणार नाही.

२४ सप्टेंबर

पंखांचा खाका टोचला आहे तो कॅलेंडरचा कागद. युद्धात कागदाची टंचाई होती, मिळेल तो वापरला. साल फाटून गेलं आहे, महिन्याचं नाव अर्धं उरलं आहे, पण फेब्रुवारी हे वाचता येतं. १ तारीख मंगळवारी, शेवटची दिसते ती २८. हिशोब केला : १९३८ किंवा १९४९. दोन्हींनी माझी निराशा केली. १९३८ युद्धाआधीचं, १९४९ नंतरचं. तरी तसं लिहून ठेवलं.

२७ सप्टेंबर

खालचा कोपरा खळीने चिकटून दुमडला होता. ओल्या टीपकागदाची नुसती वाफ देत देत दोन तासांत सोडवला. आत, २८च्या पुढच्या चौकोनात, २९. लीप वर्ष.

मंगळवारी सुरू होणारा एकोणतीस दिवसांचा फेब्रुवारी १९१६, १९४४ आणि १९७२ या सालांत येतो. १९१६मध्ये रॉयल एअर फोर्स जन्मलेली नव्हती, ती १ एप्रिल १९१८ची. १९७२मध्ये मुंबईत ब्रिटिश राजाच्या मुकुटाचे पंख भरून घेणारं गिऱ्हाईक नव्हतं. उरलं १९४४.

कागद १९४४चा आहे म्हणजे खाका त्यानंतरचा आहे, इतकंच सिद्ध होतं. तो १९४६मध्येही टोचलेला असू शकतो. पण २ नंबर मुंबईत, गणवेशासाठी, त्या दुकानातल्या कागदावरून भरला गेला. तो नक्कल नाही. संग्राहकाला खाक्याचे आणि तारखेचे फोटो पाठवले. दोन दिवसांनी त्यांनी आपलं मत बदलल्याचं कळवलं आणि जुळणीचा मोठा फोटो मागितला.

या प्रकारच्या स्थानिक घडणीला 'चुकीची पिसं' म्हणून फेकून देणं थांबलं पाहिजे. नियमाची प्रत लंडनला होती. कारचोब इथे होता.

५ ऑक्टोबर

आतापर्यंतचा खर्च ४,९०० रुपये, प्रवास वेगळा. त्यातले १,८०० टाळता आले असते. वेळ चार महिने, त्यातले दोन ४ नंबरला बाजूला टाकल्यामुळे.

मावशीला मोठा फोटो दाखवला, खाका २ नंबरवर ठेवलेला. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, मामा संध्याकाळी घरी यायचा तेव्हा त्याच्या बोटांच्या पेरांना पांढरं लागलेलं असायचं आणि रॉकेलचा वास यायचा. आम्हाला वाटायचं, दुकानात स्टोव्ह पेटवायचं काम त्याच्याकडे आहे.

१२ ऑक्टोबर

मूळ खाका आता वापरायचा नाही. कारागिरांनी त्यावरून नव्या कागदावर भोक-भोक उतरवून घेतलं आहे. दिवाळीनंतर ते खाकी कापडावर एक पंख भरून देणार आहेत. मागे आजची तारीख रेशमाने घालायची असं ठरलं आहे, म्हणजे पुढे कुणाची फसगत होणार नाही.

आज ४ नंबरची चिठ्ठी लिहिली आणि मलमलीत ठेवली : "अर्धा पंख, एन. आधी दोन अक्षरं होती, बहुधा आर.ओ. मुंबईत उसवून भरलेला असावा. एकदा आजीने धुतला आहे."